एडिटरवाल्यांची चुकीची कारणं

चेन्नईत जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कंपन्यांत राबणारे माझे प्रोग्रामर मित्र कित्येक वर्षं एकच भांडण भांडताहेत. व्हिम आणि ईमॅक्सवाले म्हणतात, कोड म्हणजे मजकूर, त्याला साधा टेक्स्ट एडिटर पुरे. माउसला हात लागला की तुम्ही बाटलात. एक्लिप्स आणि व्हिज्युअल स्टुडिओवाले म्हणतात, खिडक्या, बटणं, चुकीखाली लाल रेघ एवढं सगळं मिळत असताना १९७६ सालची अवजारं कशाला उगाळता?

मी तमिळमधून मराठीत भाषांतर करते, कोड लिहीत नाही. पण मजकुरावर पोट भरणाऱ्याला या वादात तोंड घालायचा हक्क आहे. मी एडिटरच्या बाजूची, मात्र एडिटरवाल्यांची कारणं मला पटत नाहीत. बोटं किती झपाट्याने चालतात, हा मुद्दा टायपिंगच्या क्लासात ठीक.

खरं कारण टी. व्ही. रामन यांच्या कामात आहे. जन्म पुण्याचा, चौदाव्या वर्षी ग्लॉकोमाने दृष्टी गेली, पुढे आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सपीक आणलं, म्हणजे बोलणारा ईमॅक्स. नेहमीचा स्क्रीन रीडर पडद्यावर उमटलेलं वाचतो. कॅलेंडरमध्ये फिरताना ‘पंधरा’ एवढंच ऐकू येतं. ईमॅक्सपीक वार, महिना, वर्षासकट पूर्ण तारीख सांगतं, कारण ते पडद्याला विचारत नाही, कॅलेंडरच्या प्रोग्रामलाच विचारतं. शिवाय त्यासाठी ईमॅक्सचा मूळ कोड बदलावा लागला नाही. तिथे मूळ आज्ञेभोवती स्वतःची आज्ञा गुंडाळता येते. मूळ संहितेला धक्का न लावता तिला दुसऱ्या भाषेत बोलतं करायचं. आम्ही भाषांतरवाले आणखी वेगळं काय करतो? जे अवजार उघडून आत शिरता येतं, त्याचंच असं भाषांतर होऊ शकतं. नुसती रंगीत बटणं बोलत नाहीत.

एडिटरवाल्यांनी इतक्यात टाळ्या पिटू नयेत. टर्मिनलमध्ये ‘क्षि’ लिहून बघा. युनिकोडमध्ये ती चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. वेलांटी साठवली जाते शेवटी, दिसायला हवी आधी. टर्मिनलला मात्र चौकोनांची जाळी तेवढी कळते, त्यामुळे अनेक टर्मिनलांत अक्षर मोडतं आणि कर्सर भलतीकडेच उभा राहतो. खिडक्यावाल्यांकडे तेच अक्षर बहुधा नीट जुळतं, हे कबूल करायला हवं. तुमचा ‘साधा मजकूर’ रोमन लिपीपुरता साधा आहे, दादा.

याच शहरात, आयआयटी मद्रासमध्ये, भारतीय भाषांसाठी एक बहुभाषी एडिटर बनला होता. त्यात आख्खं अक्षर हेच एकक, आख्ख्या अक्षराला एकच संकेत. व्याकरण शिकलेल्या माणसाने बनवल्यासारखा. त्याचं नावही माझ्या मित्रांच्या भांडणात निघत नाही.

म्हणून हल्ली दोन्ही बाजूंना मी एवढंच विचारते: तुमच्या अवजारात ‘क्षि’वर एकदा बॅकस्पेस दाबलं, तर काय उरतं?