निजायची खोली निजण्यासाठी



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घराचा विषय निघतो. जुने धाब्याचे घर उतरवून सिमेंटचे बांधायचे ठरते. कुणाचे घरकुल मंजूर झालेले असते, कुणी मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची म्हणतो. मग चर्चा होते ती ओसरीची, देवघराची, ओट्याच्या उंचीची, दाराच्या चौकटीची. घरधनी आणि घरधनीण जिथे निजतात त्या खोलीचा विचार मात्र सर्वांत शेवटी. ‘पलंग मावला म्हणजे झाले’ असे गवंड्याला सांगून आपण मोकळे होतो.

पुढे वर्षभरात त्या खोलीचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात कुलूप लागणारी खोली बहुधा तीच. त्यामुळे मोलाची प्रत्येक वस्तू तिथेच जाते. सोयगाव म्हणजे कापसाचा तालुका. भाव पडला की कापसाचा ढीग त्याच खोलीत कोपऱ्यात लागतो. पलंगाखाली बियाण्याच्या पिशव्या, फळीवर फवारणीच्या उरलेल्या बाटल्या, दाराआड पाठीवरचा पंप, आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत दोन माणसे आणि एक लेकरू. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री आपण गोदामात निजवतो.

आपल्या तालुक्याच्या हद्दीतच अजिंठ्याची लेणी आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना चित्रे दाखवून आणतो. पुढच्या खेपेस बारा क्रमांकाच्या लेण्यात जरूर डोकावा. दोन हजार वर्षांहून जुना तो विहार आहे. मधल्या दालनाच्या तीन बाजूंना बारा खोल्या कोरलेल्या आहेत आणि प्रत्येकीत दगडाचे दोन ओटे आहेत, निजण्यासाठी. भिक्खूंची गोष्ट वेगळी, त्यांना संसार नव्हता, हे खरे. पण ज्याने ती खोली कोरली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: ही खोली कशासाठी आहे. आपल्या खोलीची आखणीही त्याच प्रश्नापासून सुरू करू या.

म्हणून सजावटीच्या आधी काढण्याची यादी. पहिले काढायचे ते विष. फवारणीच्या औषधाची बाटली झाकण लावलेली असली, तरी ती निजायच्या खोलीत नकोच. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती उघड्या रानात, मोकळ्या हवेत काम करणारी माणसे होती. मग बंद खोलीत, रांगत्या लेकराच्या हाताला येईल अशा जागी त्या बाटलीचे काय काम? आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरात भांडण होते, कर्जाची चिंता असते, परीक्षेचा निकाल लागतो. रागाचा किंवा निराशेचा तो क्षण पुष्कळदा टळून जाणारा असतो. त्या क्षणी बाटली हाताशी नसेल, तर एक जीव वाचू शकतो. फवारणीला लागेल तेवढेच औषध आणावे. उरलेच तर घरापासून दूर, मळ्यात कुलूपबंद ठेवावे. गोठ्यात किंवा कडब्याजवळही ते नको.

दुसरे, धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. ही गोळी हवेतल्या ओलीने विरघळते आणि तिच्यातून विषारी वायू सुटतो. रात्री दारे-खिडक्या लावून निजलेल्या माणसांना तो उठू देत नाही. धान्याची कोठी निजायच्या खोलीत आणि कोठीत या गोळ्या, अशाने सबंध कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. जिथे माणसे झोपतात तिथे ही गोळी कधीही वापरू नये. धान्य खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे, कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ऊन द्यावे.

तिसरा कापूस. त्याच्या धुळीने अंगाला खाज सुटते, दमेकऱ्याचा दमा बळावतो. शिवाय डासांच्या अगरबत्तीची एक ठिणगी पुरते. कापूस आत धुमसत राहतो आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता ढिगाबरोबर काय येते ते पाहा. दाणा आणि सरकी आली की उंदीर येतो. उंदीर आला की त्याच्या मागावर साप येतो. आपल्याकडच्या विषारी सापांत मण्यार हा रात्री फिरणारा. जमिनीवर निजलेल्या माणसाला तो चावतो आणि पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही. अशी लक्षणे दिसली, तर उतारा काढत बसू नका. १०८ ला फोन करून तडक सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते, आणि वेळेत मिळाले तर माणूस वाचतो.

म्हणून निजायच्या खोलीतले पहिले सामान म्हणजे जमिनीपासून उंच बाज किंवा पलंग, आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी नुसती सोडायची नाही, तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचायच्या. डास तर अडतातच, साप-विंचूही अडतो. पलंग भिंतीला चिकटवू नका, अर्धा फूट मोकळा ठेवा. पलंगाखाली ट्रंका, बोचकी कोंबू नका. खालून केरसुणी सरळ फिरली पाहिजे. उशाशी बॅटरी असावी, आणि दिव्याचे बटण पलंगावरून हाताला यावे. अंधारात पाय खाली टाकायची वेळच येऊ नये.

आता आखणी. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. इथे ते शब्दशः लागू आहे. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात निजायची खोली दहा बाय बारा काढता आली तरी पुष्कळ झाले. दोघांचा पलंग साधारण पाच फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब असतो. दहा फुटी भिंतीच्या मधोमध उशी घेतली, तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट वाट राहते. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला ओलांडून उठावे लागत नाही. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या माणसाला हे फार सोयीचे. पायथ्याशी सव्वापाच फूट उरतात. तिथे समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट ठेवले, तरी त्याची दारे पूर्ण उघडतात. ही सगळी मापे भिंती चढल्यावर सांगून उपयोग नाही. जोते झाले की पलंग, कपाट आणि दाराची उघडझाप चुन्याने जमिनीवर आखा आणि त्या रेघांतून दोघांनी चालून पाहा. गवंड्याचे काम थांबवायला एक दिवस लागतो, भिंत पाडायला पैसे लागतात.

दार भिंतीच्या मध्यावर नको, कोपऱ्याकडे सरकवा. म्हणजे भिंत अखंड राहते. दार उघडताच पलंग नजरेत भरेल असेही नको. आणि आतून कडी अवश्य हवी. एकत्र कुटुंबात नव्या सुनेला सबंध घरात हक्काचा एवढा एकच कोपरा असतो. तिथे तिला दार लावून पदर सैल करता आला नाही, तर ती खोली तिची झालीच नाही. वडीलधाऱ्यांनी न विचारता हे मान्य करावे.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्ही जाणता. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. तिला टेकून निजू नका. उशी दक्षिणेला घेतली की घरातली मोठी माणसेही समाधानी राहतात आणि पश्चिमेची भिंत आपोआप अडीच फूट लांब पडते. खिडक्या समोरासमोर दोन असाव्यात, एकच मोठी नको. वाऱ्याला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढा. ती दुपारी बंद आणि रात्री उघडी ठेवा. छताखाली एक झरोका ठेवा, गरम हवा तिथून निघून जाते. सगळ्याला बारीक जाळी बसवा. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला किंवा पत्र्याला वरून पांढरा चुना मारा. अहमदाबादेत महापालिकेने वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली ती याच कारणाने. पांढरे छप्पर ऊन परत फेकते.

स्लॅब भरताना पलंगाच्या पायथ्याकडे एक लोखंडी कडी सोडायला सांगा. पाळणा असो की झोळी, पुढे तिचाच उपयोग होतो.

आता राहिली हौस. हौसेला मोल नसते, पण ती महागच असावी असे नाही. अजिंठ्याच्या कारागिरांनी गेरू, पिवडी, चुना, हिरवी माती आणि काजळी यांवर भागवले. तेवढा निळा रंग मात्र दूर देशीच्या दगडाचा होता. आपणही चुन्यात चिमूटभर पिवडी मिसळून भिंती उजळाव्यात. फिकट रंगाने लहान खोली मोठी वाटते आणि कंदिलाइतक्या उजेडातही दिसते. खाली हातभर गेरूचा पट्टा ओढा, म्हणजे पायांचे आणि केरसुणीचे डाग लपतात. भिंतीला फार तर एक तसबीर. आरसा असा लावा की खिडकीचा उजेड पाठीवर न येता तोंडावर पडेल. रोजचे कपडे टांगायला दाराआड वलणी पुरे. आणि पलंगावर दुकानातली चकचकीत चादर नसली तरी चालेल. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरा. तिच्याइतकी सुंदर वस्तू बाजारात मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘ताई, हे सगळे खरे. पण बियाणे, पंप आणि कापूस ठेवायचा कुठे?’ प्रश्न रास्त आहे. घर बांधतानाच बाहेरच्या भिंतीला लागून तीन फूट रुंदीची एक कोठडी काढा. दार बाहेरून, पक्के कुलूप, मध्ये छतापर्यंत अखंड भिंत. कापसासाठी घराच्या बाहेर पत्र्याचे कोरडे छप्पर, जमिनीपासून वर फळ्या टाकून. बाटल्या तिथेही नकोत, त्यांची जागा मळ्यातच. यासाठी खर्च येईल, नाही असे नाही. तेव्हा पलंगाचे नक्षीकाम, भिंतीची फरशी, छताचे प्लास्टरचे फूल यांतले काहीतरी पुढच्या वर्षावर टाका. आधी कोठडी, मग फूल.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनीही खट्टू होऊ नये. येत्या अमावास्येला शेतीची कामे बंद असतील. त्या दिवशी दोघांनी मिळून खोलीतला एकेक जिन्नस अंगणात काढा आणि प्रत्येकापाशी एकच विचारा: हा निजायला लागतो का? नाही म्हटले तो परत आत जाऊ नये. संध्याकाळी खोली झाडून, गोधडी घालून, खिडक्या उघड्या टाकून निजा.