तक्रार दारातूनच का परत येते?

वांगणीहून सकाळच्या गाडीने बदलापूर-अंबरनाथच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांना पुरुषापेक्षा कमी रोजी, गरोदरपणी कामावरून कमी होणं, मुकादमाची लगट यातलं काहीच नवं नाही. पण दाद मागायला गेलं, की अन्याय झाला का, हा प्रश्न पुष्कळदा निघतच नाही. त्याआधीच तक्रार फेटाळली जाते. मग गावात म्हणतात, बाईच खोटी होती! म्हणून मैत्रिणींनो, फेटाळण्याची कारणं आपण नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण, मालक कोण? बाई राबते कंपनीत, हजेरी मात्र ठेकेदाराच्या वहीत. 2001 मध्ये सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर कंत्राटी कामगारांची तक्रार महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली चालणार नाही. नातं आधी दुसरीकडे सिद्ध करा. जिच्याजवळ नेमणुकीचा कागदच नाही, तिने ते कसं करायचं?

दुसरं कारण, मुदत. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीला तीन महिने आहेत. कारण पटलं तर आणखी तीन. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार स्थानिक समितीने उशिराची म्हणून सुरुवातीलाच फेटाळली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. कायदा शिकवणाऱ्या बाईची ही गत, तर रोजंदारीवरच्या बाईचं काय? नोकरी जाईल या भीतीने ती गप्प राहते, आणि तिचं तेच गप्प राहणं पुढे तिच्याविरुद्ध जातं.

तिसरं कारण, अर्धवट चौकशी. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांचा समान वेतनाचा अर्ज पहिल्या अधिकाऱ्याने फेटाळला होता. काम पुरुषांसारखंच आहे हे मान्य, पण युनियनशी करार झालाय, असं त्याचं म्हणणं! त्या अपिलात गेल्या आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकल्या. पहिला नकार हा शेवटचा निकाल नसतो, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून खरं काम कोर्टाच्या आधीचं आहे. प्रत्येक महिला मंडळात एक वही हवी. घटनेची तारीख, साक्षीदार, गेटपास, ईएसआय कार्ड, पगाराची नोंद, सगळं त्यात राहू द्या. अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांचीही नावं घाला. उशीर झाला असेल तर त्याचं कारण पहिल्याच अर्जात लिहा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ते एकेकटीने नव्हे, गटाने मागा. 2013 च्या कायद्याप्रमाणे तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी असायला हवा आणि त्याने सात दिवसांत ती स्थानिक समितीकडे पाठवायला हवी. अंबरनाथ तालुक्यात हा अधिकारी कोण, कुठे बसतो, हे तहसील कचेरीत जाऊन विचारू या. त्याचं नाव वांगणी स्टेशनबाहेर फळ्यावर लिहिलेलं दिसलं पाहिजे.