लहान दरबार, मोठा मानकरी

कलावंताचे मोठेपण त्याच्या दरबाराच्या विस्तारावरून मोजण्याची खोड फार जुनी आहे, आणि संस्थानी गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना तिची चांगलीच ओळख आहे. रजबअली खाँसाहेब देवासच्या दरबारी होते. देवास म्हणजे छोटेसे संस्थान, आणि तेही थोरली पाती व धाकटी पाती असे विभागलेले. म्हणून खाँसाहेबांची तानही देवासच्या वेशीपुरतीच होती, असे कोणी जाणता म्हणणार नाही. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे हा हिशेब माझ्या मनात कायम असतो. आज तो मांडावासा वाटला, तो मात्र गाण्याच्या नव्हे, तर कॅनडातल्या एका फुटबॉलपटूच्या निमित्ताने.

त्याचे नाव लेस ब्राउन. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा नव्हे; लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा, अमेरिकन वळणाचा. त्यात ब्राउन बचावाच्या मागच्या फळीतला गडी होता. प्रतिपक्षाने आपल्या गड्यासाठी फेकलेला चेंडू मधल्यामध्ये टिपणे, हे या फळीचे सर्वांत मोलाचे काम. १९८४ ते १९९४ या अकरा हंगामांत त्याने असे ८७ चेंडू टिपले. अमेरिकेतल्या बड्या लीगमधला उच्चांक पॉल क्राउसचा, ८१ चा. म्हणजे मोठा आकडा ब्राउनचा. पण जगाला ठाऊक आहे तो क्राउस. कारण एकच. ब्राउनचा दरबार लहान होता.

हे काम किती अवघड आहे ते आधी पाहू. क्वार्टरबॅक चेंडू कोठे फेकणार हे त्याला आणि त्याच्या गड्याला ठाऊक असते. बचाव करणाऱ्याला ठाऊक नसते. झेलणारा पुढे धावतो, हा बहुधा उलट्या पावलांनी मागे सरकतो. झेलणाऱ्याने कोणत्या क्षणी वळायचे ते आधी ठरलेले असते. याने ते त्याच्या अंगाच्या हालचालीवरून ताडायचे. चेंडू हवेत असता गड्याला अडवून धरायचे नाही, धरल्यास दंड. चेंडू टिपण्यासाठी आपला गडी सोडून झेप घ्यावी आणि अंदाज हातभर चुकावा, तर तो गडी सरळ गोलापर्यंत धावत सुटतो, आणि भरल्या मैदानात दोष कोणाचा हे कोणाला विचारावे लागत नाही. समेचा ठाव अचूक ठेवणारा साथीदार मैफलीत कोणाच्या लक्षात येत नाही. एकदा चुकला की मात्र साऱ्या माना वळतात. तशातलाच हा प्रकार.

त्यातून कॅनडाचे नियम बचाव करणाऱ्याला अधिकच जाचक. ब्राउनच्या काळचे तेथील मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकन मैदान त्याहून आखूड आणि बरेच अरुंद. एका बाजूला अकराऐवजी बारा गडी. अमेरिकेत झेलणाऱ्या गड्यांनी डाव सुरू होईपर्यंत जवळजवळ स्थिर राहावे लागते. कॅनडात त्यांना आधीच पुढे धाव घेता येते. चेंडू खेळात येतो तेव्हा समोरचा गडी भरधाव सुटलेला असतो आणि बचाववाला जागच्या जागी उभा. ही उणीव पायांनी भरून निघत नाही. ती नजरेने भरून काढावी लागते.

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो पोकळ नाही. कॅनडात दहा यार्डांची मजल मारण्यास तीनच संधी मिळतात, अमेरिकेत चार. त्यामुळे कॅनडातले संघ चेंडू अधिक फेकतात, आणि अधिक फेकले तर अधिक टिपले जाणारच. शिवाय क्राउसच्या बहुतेक हंगामांत १४ सामने असत. कॅनडात १९८६ पासून १८ होऊ लागले. हे सारे खरे. परंतु क्राउस सोळा हंगाम आणि २२६ सामने खेळला. ब्राउनच्या अकरा हंगामांतले साखळीतले सगळे सामने धरले तरी बेरीज १९४ वरच थांबते. तेव्हा सामन्यांचा मुद्दा उलट ब्राउनच्याच बाजूला पडतो. राहिला चेंडू अधिक फेकण्याचा मुद्दा. त्याला उत्तर त्याच्याच बरोबरीच्यांनी दिले आहे. त्याच रुंद मैदानावर, त्याच तीन संधींच्या नियमांत पिढ्यान्‌पिढ्या बचाववाले खेळले. त्यांत दुसऱ्या क्रमांकावर लॅरी हायबॉ आणि बॅरन माइल्स हे दोघे आहेत, प्रत्येकी ६६ वर. मैदानच चेंडू टिपून देत असते, तर पहिल्या आणि दुसऱ्यात एकवीसांचे अंतर पडते ना!

अशा माणसाचे जीवनही स्थिर नव्हते. ब्राउन मूळचा अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा. १९८४ ते १९८८ हॅमिल्टनकडे, पुढे तीन हंगाम विनिपेगकडे, १९९२ साली ऑटावाकडे आणि शेवटचे दोन हंगाम बी. सी. लायन्सकडे, असा त्याचा प्रवास झाला. तो त्या लीगचा ओढगस्तीचा काळ होता. १९८७ साली माँट्रियलचा संघ हंगाम तोंडावर आला असता मोडला. ऑटावाचा तो संघही १९९६ नंतर उरला नाही. आश्रय आज आहे, उद्याचे सांगवत नाही, अशा जागी अकरा हंगाम हात न ढळू देणे यालाच मी तयारी म्हणतो.

ग्रे कप ही तेथील सर्वोच्च स्पर्धा. ती ब्राउनच्या संघांनी तीनदा जिंकली: १९८६ मध्ये हॅमिल्टनने एडमंटनवर ३९-१५, १९९० मध्ये विनिपेगने एडमंटनवरच ५०-११ आणि १९९४ मध्ये लायन्सने बाल्टिमोरवर २६-२३. तिन्ही सामने व्हँकूव्हरच्या एकाच मैदानावर झाले. शेवटच्या सामन्याची गोडी निराळीच. त्या काळी लीगने अमेरिकन शहरांतही संघ काढले होते, आणि अमेरिकेतला संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यात उतरण्याची ती पहिलीच वेळ. सामना संपता संपता लुई पासाग्लियाने मारलेल्या लाथेवर तो फिरला. ब्राउनचा तो शेवटचा हंगाम. २००२ साली कॅनडाच्या फुटबॉल-मानकऱ्यांच्या दालनात त्याचे नाव दाखल झाले.

याच्या शेजारी वॉरन मूनचे उदाहरण ठेवावे. मून एडमंटनचा क्वार्टरबॅक. १९७८ ते १९८२ पर्यंत लागोपाठ पाच ग्रे कप जिंकणाऱ्या संघात तो होता. १९८४ साली तो ह्यूस्टनला, बड्या दरबारात गेला, तेथेही चमकला, आणि मग त्याचे कॅनडातले दिवसही जगाला मोलाचे वाटू लागले. मूनच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो लहान दरबारातल्या गुणावर मोठ्या दरबाराची मोहोर उमटेपर्यंत तो गुणच नव्हे, असे मानणाऱ्या रसिकतेशी. सोने कसोटीवर घासून पाहावयाचे असते. पेढी कोणाची हे विचारून त्याचा कस ठरत नाही.

माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक हल्ली पहिला प्रश्न विचारतात, "याला कोठे बसवता येईल?" कोणत्या मंचावर, कोणत्या शहरात, असा त्याचा अर्थ. मुलगा स्वराला किती सच्चा आहे, हा प्रश्न त्यांच्या मागाहून लक्षात येतो, किंवा येतही नाही. मंच देणे अखेर दुसऱ्याच्या हाती असते. स्वर आपल्या हाती. हे ज्याला पटले, त्याला लेस ब्राउनचे नाव पूर्वी ऐकले नसले तरी परके वाटू नये.