वेबसाइट आणि ईमेलच्या डीएनएस नोंदी स्वतंत्र ठेवण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डोमेन व होस्टिंग सेवा

महोदय,

खोर फक्कान येथील मराठी व्यावसायिकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. आमचे सभासद क्लिअरिंग-फॉरवर्डिंग, वाहतूक आणि जहाजांना सामान पुरवण्याची कामे करतात. शारजा अमिरातीचे हे बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, ओमानच्या आखातावर आहे आणि 1979 पासून येथे कंटेनर हाताळले जातात. जहाज येत असल्याची नोटीस, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा, डिलिव्हरी ऑर्डर हे सारे ईमेलवर चालते. मेल बंद पडला की माल अडकतो आणि डेमरेज सभासदाला भरावे लागते.

वेबसाइट आपल्याकडे आणि ईमेल दुसऱ्या कंपनीकडे, अशी सभासदांची रचना आहे. तिच्यात वारंवार बिघाड होतो. तिकिटे टाकून झाली, फोन करून झाले; ‘प्रोपगेशनला वेळ लागतो’ यापलीकडे उत्तर मिळालेले नाही. म्हणून पुढील मागण्या लेखी मांडत आहोत.

1. एमएक्स नोंदींना हात लावू नये.
वेबसाइट हलवताना सरसकट नेमसर्व्हर बदलायला सांगितले जाते. नव्या झोनमध्ये एमएक्स नोंद नसली, तर पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे ए नोंदीच्या पत्त्यावर, म्हणजे वेबसाइटच्याच सर्व्हरवर, मेल द्यायला जातो. वेबसाइटपुरते काम असेल तेव्हा फक्त मूळ नावाची ए नोंद, असल्यास एएएए नोंद, आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद बदलावी. मूळ नावावर सीनेम टाकू नये; सीनेमच्या जोडीला त्याच नावावर एमएक्स चालत नाही. नेमसर्व्हर बदलणे अटळ असेल, तर सर्व नोंदी आधी उतरवून, ताडून, सभासदाची लेखी संमती घ्यावी.

2. वेब सर्व्हरवरील मेल राउटिंग ‘रिमोट’ करावे.
एमएक्स बाहेरचा असूनही वेब सर्व्हर त्या डोमेनचा मेल स्वतःचाच समजतो. मग वेबसाइटवरील चौकशीचा फॉर्म भरला, की तो मेल त्याच सर्व्हरवरच्या, कोणीही न उघडणाऱ्या पेटीत पडतो. मेल परत येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचे कळतही नाही. ईमेल बाहेर असलेल्या प्रत्येक सभासदाचे राउटिंग तपासून दुरुस्त करावे व चाचणी मेल पोचल्याची खात्री लेखी कळवावी.

3. एसपीएफ, डीकिम, डीमार्क नीट बसवावे.
एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद हवी. आपल्याकडून जुनी न पाहता दुसरी जोडली जाते आणि तपासणी दोन्हींवर फसते. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. त्यामुळे चुकीच्या नोंदीचा फटका थेट बसतो. मेल कंपनी आणि वेब सर्व्हर दोन्ही एकाच एसपीएफ नोंदीत, 10 डीएनएस चौकशांच्या मर्यादेत बसवावेत. डीकिमची किल्ली जशीच्या तशी ठेवावी.

4. बदलाआधी टीटीएल कमी करावा.
टीटीएल 86400 सेकंद ठेवूनच बदल केला जातो. मग जुनी नोंद जगभरच्या सर्व्हरांत एक दिवसापर्यंत राहते. बदलाच्या किमान 24 तास आधी टीटीएल 300 सेकंद करावा.

5. झोनचा ताबा सभासदाकडे असावा.
नोंदी पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार पॅनेलमध्ये विनामूल्य द्यावा. मागितल्यापासून 48 तासांत संपूर्ण झोन फाइल आणि डोमेन हलवण्याचा ऑथ कोड मिळावा. डोमेन ‘डॉट एई’ असो वा ‘डॉट कॉम’, नोंदणी सभासदाच्याच नावे हवी.

6. डोमेन, वेबसाइट आणि ईमेल यांची बिले वेगळी असावीत.
वेबसाइटचे पॅकेज बंद केल्यास डीएनएस बंद होता कामा नये. डोमेनची मुदत असेपर्यंत नोंदी चालू राहाव्यात.

7. मदतीची वेळ वाढवावी.
भारतातील घड्याळ येथील घड्याळाच्या दीड तास पुढे आहे. येथे साडेचार वाजतात तेव्हा आपले भारतातील कार्यालय बंद होते. मेल बंद पडल्याच्या तक्रारीसाठी खोर फक्कानच्या वेळेनुसार रात्री 8 पर्यंत जबाबदार तंत्रज्ञ उपलब्ध असावा.

यातील एकाही मागणीसाठी नवे यंत्र वा नवे संशोधन लागत नाही. एमएक्स नोंदीनुसार मेल वळवण्याचे नियम 1986 मध्ये ठरले. डीएनएसची आजही लागू असलेली मूळ प्रमाणके, आरएफसी 1034 व 1035, 1987 ची आहेत. वेबसाइट आणि ईमेल वेगळे ठेवण्याची सोय त्यांतच आहे. आपल्या तंत्रज्ञांनी एक तपासयादी पाळली, तर मागणी 1 ते 4 आजपासून अमलात येऊ शकतात.

सभासद ठरलेले शुल्क आगाऊ भरतात. त्या बदल्यात चालू असलेली सेवा चालू राहावी, हे न्याय्य आहे. स्वतःच्या पॅनेलमधून सभासदाने केलेल्या चुकीची जबाबदारी आपल्यावर टाकण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या माणसाने केलेल्या बदलामुळे मेल बंद पडल्यास मात्र त्या महिन्याचे शुल्क माफ व्हावे.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत आणि मागणी 5 ते 7 ची अंमलबजावणी 60 दिवसांत अपेक्षित आहे. तसे न झाल्यास सभासद नूतनीकरणाची वाट न पाहता आपापली डोमेन एकत्रितपणे अन्यत्र हलवतील. त्यासाठी लागणाऱ्या ऑथ कोडची मागणी याच पत्रान्वये नोंदवली आहे असे समजावे.

सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी
खोर फक्कान