‘टिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

कपड्यांच्या कारखानदारांची एक तक्रार ठरलेली असते : बायका टिकत नाहीत. शिकवून तयार करावे, तर सणाला गावी गेलेली परत येत नाही. चार पैसे जास्त मिळाले की शेजारच्या गेटात शिरते, तिला ताण सोसत नाही. मग योगवर्ग आणि समुपदेशन असे उपाय निघतात. मला हे निदानच चुकीचे वाटते.

मुंबईला हा सूर नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरणीमालक कोकणातल्या कामगाराबद्दल हेच बोलत : याचे मन गावात, शेतीचे दिवस आले की हा चालला. अर्थेतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५च्या आपल्या पुस्तकात मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास तपासून हा समज खोडून काढला. कामगारांतल्या बेशिस्तीचे मूळ त्यांना गावच्या ओढीत सापडले नाही, मालकांच्या धोरणात सापडले. दारात बदली कामगार ताटकळत असताना हातातला माणूस टिकवण्याची गरज कोणाला होती?

आज हीच तक्रार बंगळुरूत ऐकू येते. तिथे पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतले कपड्यांचे कारखाने मुख्यतः स्त्रियांच्या हातांवर चालतात. एकीने दिवसभर फक्त कॉलर जोडायची, दुसरीने फक्त बाही. तासाचे टार्गेट ठरलेले. एक मागे पडली की तिच्या मशीनपाशी ढीग साचतो, पुढची रिकामी बसते आणि सुपरवायझरचा आवाज सगळ्या लाइनला ऐकू जातो. शौचालयाला उठले तर टार्गेट चुकते, म्हणून कितीतरी जणी पाणीच कमी पितात. परदेशी ब्रँडने माल पाठवण्याची तारीख ठरवली की तिचा दाब मॅनेजरवरून सुपरवायझरवर आणि तिथून शिलाई करणाऱ्या बाईवर येतो. तिच्याखाली कोणीच नसते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली कामाच्या ताणाचे जे सूत्र मांडले, ते इथे तंतोतंत लागू पडते : मागणी जबर आणि कामावर स्वतःचा ताबा शून्य, तिथे माणूस सर्वाधिक खचतो. अशा जागी आठवड्यातून एकदा प्राणायाम करवून टार्गेट तेच ठेवणे, हा मला उपचार वाटत नाही.

सोडून जाण्यामागे हिशेबही असतो. मुलांची फी, आजारपण, घरातले लग्न यांसाठी या बाईकडे साठलेली एकच मोठी रक्कम असते, पीएफ. नोकरी सोडल्याशिवाय तो पूर्ण हातात येत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्राने मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम केला, तेव्हा १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूच्या हजारो कामगार बायका रस्त्यावर उतरल्या. कोण्या मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती. १९ तारखेलाच सरकारने नियम मागे घेतला. आपल्या पैशाचा हिशेब इतका पक्का असणाऱ्यांना चंचल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उलट ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते, म्हणजे त्याआधी बाई गेली तर पैसा कारखान्याचा वाचतो, हेही सांगायला हवे.

लग्न आणि बाळंतपण यांमुळे काही जणी जातात, हे खरे. पण ३०हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर हवे, असे १९४८च्या कारखाना कायद्याने सांगितले होते. ते नीट चालत असते, तर यांतल्या किती जणी गेल्या असत्या?

‘सुधारणा केल्या तर खर्च वाढेल आणि ऑर्डर बांगलादेशात जाईल’ हा शेवटचा आक्षेप. पगार वाढलाच पाहिजे, याबद्दल मी तडजोड करणार नाही. पण टिकवण्याचा प्रत्येक उपाय महागच असतो, हे खोटे आहे. २०१६मध्ये कर्नाटकात किमान वेतनाची वाढ अपेक्षेपेक्षा तोकडी निघाली. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ अच्युत अध्वर्यू, अनंत न्यषधम आणि सहकाऱ्यांनी कपड्यांच्या कारखान्यांतल्या सुमारे २,००० कामगारांपैकी निम्म्यांना नाव न सांगता पगार, काम आणि सुपरवायझर यांबद्दल मत देण्याची संधी दिली. पगारात एका पैचाही फरक नव्हता. तरीही पुढच्या काही महिन्यांत या गटातले नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी भरले.

एका प्रश्नावलीने एवढे होत असेल, तर टार्गेट ठरवताना लाइनवरच्या चौघींना टेबलाशी बसवा. शिव्या देणाऱ्या सुपरवायझरची तक्रार त्याच्याच हाती पडणार नाही, अशी सोय करा. आणि गेटातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला, हिशेब चुकता करताना, का चाललीस हे विचारून तिचे उत्तर लिहून घ्या.