विश्लेषण : खेळणी द्यायची की घडवायला शिकवायची?

‘खेळण्यांतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत धोरणांत, परिपत्रकांत आणि शिक्षक प्रशिक्षणांत चांगलाच रुळला आहे. मात्र तयार खेळण्याशी खेळत शिकणे वेगळे आणि हलणारे खेळणे स्वतः आखून, बनवून, ते चालत नाही म्हणून पुन्हा उघडून शिकणे वेगळे. पहिल्याची थोडीफार सोय झाली आहे. दुसऱ्याची जागा प्राथमिक शाळेत, विशेषतः तिसरी ते पाचवीच्या वर्गांत, रिकामीच आहे. ती भरण्यासाठी फार पैसे लागत नाहीत, पण वेळापत्रकात जागा आणि मूल्यमापनात बदल नक्कीच लागतो.

हलते खेळणे म्हणजे नेमके काय?

एका ठिकाणी दिलेली गती दुसऱ्या ठिकाणी वेगळ्या रूपात दिसते, असे खेळणे. हँडल फिरवले की पक्षी पंख हलवतो, पट्टी ओढली की माकड झाडावर चढते. यात बॅटरी नाही, मोटार नाही. तरफ, चाक आणि आस, कप्पी, दंतचक्र आणि कॅम एवढ्या मोजक्या यंत्रणांवर ही सारी दुनिया उभी आहे. कॅम म्हणजे गोल फिरण्याचे रूपांतर वर-खाली होण्यात करणारी चकती. शिलाई मशीनमध्ये आणि मोटारीच्या इंजिनातही कॅम असतो. पुठ्ठ्याचा कॅम नऊ-दहा वर्षांचे मूल कात्रीने कापू शकते.

त्यातून मूल काय शिकते?

विदर्भातला तान्हा पोळा घ्या. या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. बैल पुढे सरकतो, पण त्याची मान जागची हलत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना पुठ्ठ्याचे खोके, काड्या आणि शीतपेयाच्या नळ्या देऊन एवढेच सांगायचे, की बैल ओढला की त्याची मान डोलली पाहिजे.

उत्तर बैलाच्या पोटात आहे. चाकांना जोडणाऱ्या आसावर एक गोल चकती बसवायची, पण तिचे भोक मध्यावर न पाडता थोडे बाजूला पाडायचे. आस फिरला की चकतीची कड वर-खाली होते, तिच्यावर टेकलेली उभी काडी वर-खाली होते आणि बिजागरीसारखी बसवलेली मान उचलली जाते. भोक मध्यापासून १ सेमी सरकवले तर काडी २ सेमी उचलली जाते. चाक १० सेमी व्यासाचे असेल तर बैल साधारण ३१ सेमी पुढे गेल्यावर मान एकदा डोलते. वर्तुळाचा मध्य, त्रिज्या, व्यास आणि परीघ हे शब्द इथे पाठ करावे लागत नाहीत. ते चुकले तर मान हलत नाही.

पुढचे प्रश्न मुलेच विचारतात. एका फेऱ्यात मान दोनदा डोलायला हवी असेल तर? चकती लंबगोल कापून भोक बरोबर मध्यावर पाडायचे. मान हळूहळू वर जाऊन झटकन खाली यायला हवी असेल तर? चकतीला गोगलगायीच्या शंखासारखा आकार द्यायचा. मात्र असा बैल उलटा ढकलला की काडी चकतीच्या खाचेत अडकते. एका बाजूला काही मिळवले की दुसऱ्या बाजूला काही सोडावे लागते, हा अभियांत्रिकीचा पहिला धडा मुलाला हातातल्या पुठ्ठ्यातून मिळतो.

बैल चालला नाही तर?

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा चालत नाही आणि खरे शिक्षण तिथूनच सुरू होते. मुले सवयीने आस खोक्याला घट्ट चिकटवतात आणि चाके त्यावर मोकळी फिरू देतात. चाके फिरतात, आस फिरत नाही, त्यामुळे चकतीही जागची हलत नाही आणि मान स्थिर राहते. इथे उलटे हवे. चाके आसाला घट्ट आणि आस खोक्यात मोकळा, म्हणजे नळीच्या तुकड्यात फिरणारा. हे शिक्षकाने फळ्यावर आधीच सांगितले तर ती माहिती होते. मुलाने तिसऱ्यांदा खोके उघडून शोधले तर ते ज्ञान होते. पुढे काडी डुगडुगते, खोके तिरके होते, चकती ओली होऊन वाकते. काडीला आधाराची नळी, खोक्याच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे त्रिकोण, दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवलेली चकती, असे उपाय निघत जातात.

धोरण काय म्हणते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळणी मेळा भरवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ३ ते ८ वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. त्याचे स्वागतच आहे, पण तो वापरायचा संच आहे. दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅब आहेत. त्यांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, परंतु त्या सहावी ते बारावीसाठी आहेत. व्यवसाय शिक्षणाची तोंडओळख आणि दहा दप्तरमुक्त दिवस हेही धोरणाने सहावी ते आठवीसाठीच सुचवले आहेत.

म्हणजे आठव्या वर्षापर्यंत हातात खेळणे आणि सहावीपासून थेट सेन्सर व थ्रीडी प्रिंटर. मधली तीन वर्षे हात मोकळेच. वास्तविक कात्री, मोजपट्टी आणि कल्पनाशक्ती यांचा मेळ नीट बसू लागतो तो याच वयात. इंग्लंडमध्ये १९९० पासून ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा शालेय अभ्यासक्रमाचा भाग आहे. २०१४ पासून लागू असलेल्या तिथल्या अभ्यासक्रमात ११ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दंतचक्र, कप्पी, कॅम, तरफ यांचा नावानिशी उल्लेख आहे.

आपल्याकडे परंपरा नाही का?

भरपूर आहे. ज्वारीच्या ताटांची बैलगाडी, आंब्याच्या कोयीची किंवा कागदाची भिंगरी, भोवरा, भिरभिरे ही मुलांनी मुलांना शिकवलेली यंत्रविद्याच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी अशा लोकखेळण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून सुरुवात करून टाकाऊ वस्तूंच्या शेकडो विज्ञान खेळण्यांची वाट दाखवली. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मराठीतही मोफत उपलब्ध आहेत. सामग्रीची अडचण आहे, असे महाराष्ट्राला म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे?

तीन ठिकाणी. पहिले, कार्यानुभवाचा तास. अभ्यास मागे पडला, सराव चाचणी आली की सर्वांत आधी त्याच तासावर गदा येते. दुसरे, प्रदर्शनाचे वेड. प्रकल्प पालकांनी करायचा किंवा दुकानातून आणायचा आणि मुलाने तो हातात धरून फोटो काढायचा, हा प्रकार घराघरांत ठाऊक आहे. तिसरे, महागडे संच. त्यात प्रत्येक भाग मापात कापलेला असतो, त्यामुळे चुकायला वावच नसतो. सूचना वाचून तीस मुले एकसारख्या तीस गाड्या जोडतात. याला जुळवणी म्हणावे, डिझाइन म्हणू नये.

शिक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. ते अनेक इयत्ता एकत्र सांभाळतात. त्यांच्यावर आणखी एक उपक्रम आणि त्याचे आणखी एक ऑनलाइन फोटो-अहवाल लादून काही साधणार नाही. उलट बहुवर्ग शाळेत हा विषय सोपा जातो. पाचवीचे मूल मोजते, तिसरीचे कापते, चौथीचे चिकटवते. पुठ्ठ्याला भोक पाडण्याचे आणि ब्लेडचे काम तेवढे शिक्षकाने हाती ठेवावे.

काय करता येईल?

नवा विषय नको. कार्यानुभवाच्या सध्याच्याच तासांतले सत्राला सहा-आठ तास यासाठी राखून ठेवावेत. पहिल्या दोन तासांत बंद पडलेली खेळणी उघडून पाहावीत, पुढच्या दोनांत एकेक यंत्रणा करून बघावी आणि उरलेल्यांत प्रत्येक गटाने आपले खेळणे आखून बनवावे. गणिताचा वर्तुळाचा आणि मापनाचा पाठ त्याच आठवड्यात घेतला तर वेळ वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही.

मूल्यमापन बदलणे सर्वांत महत्त्वाचे. चमकीचा कागद आणि रंगकामाला गुण देणे थांबवावे. मुलाला तीन प्रश्न विचारावेत. तुला काय हलवायचे होते? पहिल्यांदा ते का हलले नाही? मग तू काय बदललेस? या तिन्हींची उत्तरे देणाऱ्या मुलाचे वेडेवाकडे खेळणे पालकांनी बनवलेल्या सुबक खेळण्यापेक्षा सरस ठरले पाहिजे. शिक्षक प्रशिक्षणातही भाषणे कमी करून शिक्षकांच्याच हातात पुठ्ठा द्यावा. ज्याचा स्वतःचा बैल एकदा अडकला आहे, तोच मुलाच्या अडकलेल्या बैलाजवळ धीराने बसू शकतो.

खेळण्यांच्या बाजारपेठेत देशाने पुढे जावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण वर्षानुवर्षे केवळ तयार वस्तू हाताळलेल्या पिढीकडून नवी वस्तू कशी सुचणार? त्याची सुरुवात सहावीतल्या प्रयोगशाळेत करायची म्हटले तर तीन वर्षांचा उशीर झालेला असतो. तिसरीच्या वर्गात एक खोके, चार काड्या आणि चुकण्याची मुभा, एवढ्यावर ती आजही करता येते.