खांदे उघडे कोणाच्या हुकमाने?

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला, 'सीनियर' म्हणतात. ते वर्ष सुरू होण्याच्या सुमारास प्रत्येक विद्यार्थ्याचा स्टुडिओत खास फोटो काढला जातो. तो शाळेच्या यिअरबुकात छापला जातो, आजी-आजोबांना जातो, दिवाणखान्यात टांगला जातो. हौसेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती 'तयारी' या गोंडस नावाखाली सतरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचा जो ताबा घेतला जातो, त्याला.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने लेकीला स्टुडिओकडून आलेला सूचनांचा कागद मला पाठवला. मुलग्यांसाठी दोन ओळी: दाढी करून या, शर्ट इस्त्रीचा असू द्या. मुलींसाठी पानभर! भुवया दोन दिवस आधी, नवी केशरचना ऐनवेळी नको, नखे नीट, उन्हात रापू नका, पट्ट्यांचे वळ खांद्यांवर दिसतात. स्ट्रॅपलेस ब्रा आणायला विसरू नका. आणि एवढे करून मुरूम राहिलाच तर रिटचिंग आहे, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे आधी चेहऱ्यात खोट काढायची आणि मग ती झाकण्याचे दाम घ्यायचे. हा धंदा आपल्याला अनोळखी नाही.

स्ट्रॅपलेस ब्रा कशाला, तर 'ड्रेप'साठी. ड्रेप म्हणजे खांदे उघडे ठेवून छातीभोवती लावायचे काळे कापड. खाली जीन्स असली तरी फोटोत उंची गाऊनचा भास होतो. मुलग्यांना टक्सिडो, म्हणजे कोट आणि गळ्याशी बो. अनेक शाळांत यिअरबुकातल्या फोटोसाठी हाच पोशाख ठरलेला असतो. आणि गंमत पाहा, कित्येक शाळांत एरवी वर्गात मुलीचा खांदा दिसला तर तिला घरी धाडतात किंवा वरून शर्ट चढवायला लावतात. मग प्रश्न खांद्याचा नाहीच. तो उघडायचा की झाकायचा हे सांगण्याचा हक्क कोणाचा, एवढाच आहे.

मिसिसिपी राज्यातल्या वेसन गावच्या सरकारी शाळेत एका मुलीने हा हक्क स्वतःकडे घेतला. ती समलिंगी होती आणि ते लपवत नव्हती. ड्रेपमध्ये तिला अवघडल्यासारखे झाले, म्हणून तिने टक्सिडो घालून फोटो काढला. २०१० च्या यिअरबुकात सीनियरांच्या पानांवरून तिचा फोटो तर गेलाच, नावही गेले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने तिच्या वतीने दावा लावला. शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा १९७२ चा कायदा, 'टायटल नाइन', त्यात आधाराला होता. २०११ मध्ये तडजोड झाली: यापुढे मुलगे-मुली सर्वांनी पदवीदानाची टोपी आणि झगाच घालायचा. हा विजय आहे, पण माझ्या मते अर्धा. भेद मिटला, निवड मात्र कोणालाच मिळाली नाही.

फ्लोरिडातल्या बार्ट्राम ट्रेल हायस्कूलची तऱ्हा याच्या उलट. २०२१ मध्ये तिथल्या यिअरबुकात तब्बल ८० मुलींच्या फोटोंवर संगणकाने कापड चिकटवून छाती झाकली गेली. मुलींना न विचारता, आणि इतक्या ओबडधोबडपणे की डोळ्यांत भरावे. त्याच पुस्तकात पोहण्याच्या संघातले मुलगे तोकड्या चड्ड्यांत जसेच्या तसे होते. शाळेने पुस्तकाचे पैसे परत देऊ केले. पण वर्गमित्रांच्या हातात पुस्तक पडल्यावर मुलीला जी लाज वाटली, तिचे पैसे कोण परत करणार?

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, हुंड्याच्या, मारहाणीच्या केसेस पडल्या असताना हे श्रीमंत देशाचे लाड कशाला? केसेस मीही रोज पाहते. त्यातल्या बाईला 'नीट राहा'चा पहिला धडा कोणी मारहाण करून शिकवलेला नसतो. तो प्रेमाने, आरशासमोर, फोटोच्या निमित्ताने शिकवलेला असतो. स्थळाकडे पाठवायच्या फोटोची सवय आपण विमानातून तिकडे नेलीच आहे. माझ्या बहिणीनेच लेकीला सांगितले, "थोडं वजन उतरव, फोटो जन्मभर राहतो." हे अमेरिकेने तिला शिकवले नाही.

भाची मात्र मला फोनवर म्हणाली, "मावशी, मला ड्रेप आवडतो. माझ्या मैत्रिणीला नाही आवडत." आवडतो तर तिने जरूर घालावा. मैत्रिणीला कोट मिळावा, तिसरीला साडी नेसायची तर नेसू द्यावी, आणि जिला मुरूम ठेवायचा तिचा मुरूम तिला न विचारता कोणी पुसू नये.

तिथे राहणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे सरळ आहे. शाळा सहसा एका स्टुडिओशी करार करते, आणि बऱ्याच ठिकाणी विक्रीतला वाटा शाळेलाही मिळतो. सरकारी शाळेचा करार सार्वजनिक दस्तऐवज असतो. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, तसा न्यू जर्सीत 'ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट' आहे. अर्ज आईने एकटीने करू नये, चार-पाच जणींनी मिळून करावा. शाळेचा वाटा किती, ड्रेप सक्तीचा आहे असे नक्की कुठे लिहिले आहे, आणि फोटोत फेरफार करायची परवानगी कोणी द्यायची, हे लेखी विचारा. आणि तेही फोटोची तारीख ठरण्याआधी.